मिश्रण बिघडलंय, की नुसता दिवा लागलाय?

मागच्या भागात बॅटरी झाली, आज पेट्रोल आणि हवेचं मिश्रण. मध्येच विमानाचा आवाज आला तर सांभाळून घ्या. मी येलहंक्यात राहतो आणि एअर फोर्स स्टेशन जवळच आहे.

एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचं तर एक लिटर पेट्रोलला मुंबईत सुमारे नऊ हजार लिटर हवा, आणि इथे येलहंक्यात जवळजवळ दहा हजार. कारण आपण समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहोत, हवा विरळ आहे. हवा कमी पडली की मिश्रण रिच, पेट्रोल कमी पडलं की लीन. बाकी सगळं याच दोन शब्दांत आहे.

फौजेत हे आम्ही नाकाने आणि डोळ्यांनी ओळखायचो. कार्ब्युरेटरवाली जिप्सी खाली मैदानात झकास चालायची, लेहला ३५०० मीटरवर पोचली की काळा धूर सोडायची, पिकअप मरायचा. बिघाड काहीच नसायचा. जेट तेवढंच, हवा मात्र तीस टक्के विरळ. प्लग काढला की काजळीने काळाकुट्ट. लीन असेल तर उलट: प्लग पांढरट, इंजिन गरम, अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर अडखळते, कधी आत फट्‌कन आवाज येतो. आजच्या गाडीत मात्र प्लगच्या रंगावर फार भिस्त ठेवू नका. इंजेक्शनची गाडी स्वतःला सावरून घेत असते, त्यामुळे दुखणं बराच काळ दिसतच नाही.

सावरते कशी? सायलेंसरच्या पाईपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन जास्त सापडला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, कमी सापडला की घटवतो. किती टक्के वाढवलं-घटवलं याची तो वही ठेवतो. तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर चिंता नको. वीस-पंचवीसच्या पुढे गेलं की इंजिनाचा दिवा लागतो आणि कोड येतो: पी ०१७१ म्हणजे लीन, पी ०१७२ म्हणजे रिच.

आणि इथेच लोक लुटले जातात. कोड आजाराचं नाव सांगत नाही, ताप आलाय एवढंच सांगतो.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. पेन्शनवर घर चालतं. गाडी बल्लारी रोडच्या सिग्नलला बंद पडायची, मागून ट्रकचे हॉर्न, आणि बाई घामाघूम. एका गॅरेजने पी ०१७१ वाचून ऑक्सिजन सेन्सर, इंजेक्टर आणि पेट्रोल पंप असं अठ्ठावीस हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. मला म्हणाल्या, "कर्नलसाहेब, गाडी विकून टाकू का?" म्हटलं, बाई, आधी वही वाचू.

साधा ओबीडी स्कॅनर लावला. इंजिन गरम, गाडी उभी, आयडलवर ट्रिम अधिक बावीस. मग २५०० आरपीएमवर धरलं तर अधिक चार. आता विचार करा. पंप किंवा फिल्टर कमजोर असता, तर पेट्रोलची मागणी वाढल्यावर आकडा चढायला हवा होता. इथे तो उतरला. म्हणजे कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरतेय. आयडलला इंजिन थोडीच हवा घेतं, तेव्हा ती चोरटी हवा मोठी ठरते. वेग वाढला की तीच किरकोळ होते. इंजिन थंड झाल्यावर रबरी पाईप एकेक वाकवून पाहिले. ब्रीदरच्या पाईपला खालच्या बाजूने चीर होती. काही शे रुपयांचा पाईप. ट्रिम अधिक तीनवर आलं आणि गाडी बंद पडायची थांबली.

हे गणित मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीचं, हे लक्षात ठेवा. मॅनिफोल्डचा दाब मोजून चालणाऱ्या गाडीत तशीच गळती बहुधा आयडल वाढवते, लीनचा कोड येईलच असं नाही. शिवाय सेन्सरच्या आधी सायलेंसर फुटला असेल, किंवा एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल, तर धुरात जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि कॉम्प्युटर फसतो. मिश्रण ठीक असूनही लीन! म्हणून मिसिंग आधी, ट्रिम नंतर.

रिच असेल तर कूलंटचा तापमान सेन्सर बघा. इंजिन गरम असून तो थंड सांगत असेल तर पेट्रोल ओतलं जाणारच. टाकी फुल्ल केल्यावर स्टार्टिंगला त्रास होत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का पाहा. ऑइलच्या दांडीला पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नका, आधी ऑइल बदला आणि कारण शोधा.

आता ई-२०. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्याची सुरुवात आपल्या बेंगळुरूतच झाली. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते. ई-२० साठी प्रमाण साधारण साडेतेराला येतं. ई-१० वरून ई-२० वर गेलेल्या गाडीत ट्रिम तीन-चार टक्के वर दिसलं तर तो आजार नव्हे. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या मारुती ८०० ला मात्र सेन्सर नाही, ती सावरून घेऊ शकत नाही. गंमत म्हणजे येलहंक्याची विरळ हवा तिला थोडी रिच करते आणि ई-२० लीन करतं, त्यामुळे इथे काहीसं भागून जातं. तीच गाडी कोकणात उतरवलीत की अडखळेल. तिचे रबरी पाईप आणि डायफ्रॅम दर सर्व्हिसला तपासा.

आणि गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायची युक्ती व्हिडिओंत दाखवतात, ती घरी करू नका. पेट घेतो. गॅरेजमध्ये धूर सोडून गळती शोधायचं यंत्र असतं, ते आहे का विचारा. एस्टिमेट देण्याआधी आयडलचं आणि २५०० चं ट्रिम कागदावर लिहून मागा. देत नसतील तर दुसरं गॅरेज बघा.

पुढच्या भागात ब्रेक. जय हिंद.