जुन्या मोटारींतील विजेच्या तारा

पुष्कळ वर्षें पडून राहिलेली घरची जुनी मोटार पुन्हां चालती करावी असें मनांत आलें, कीं मालकाचें लक्ष प्रथम तिच्या रंगाकडे जातें, मग इंजिनाकडे आणि त्यानंतर बैठकींकडे. विजेच्या तारांकडे सर्वांत शेवटीं वळावें, असा सर्वसाधारण प्रघात दिसतो. त्या डॅशबोर्डाच्या मागें, गालिच्याखालीं आणि मडगार्डाच्या आंत दडलेल्या असतात. दिवा लागला आणि हॉर्न वाजला म्हणजे त्या शाबूत आहेत, असें आपण गृहीत धरतों. वस्तुतः रंग उडाला तर मोटार कुरूप दिसते, इंजिन बिघडलें तर ती जागच्या जागीं थांबते. पण तार बिघडली तर ती पेट घेऊं शकते, आणि तीहि कधीं कधीं रात्रीं, उभ्या जागीं, घरचीं माणसें झोपलीं असतांना. म्हणून ह्या दुर्लक्षित विषयावर आज थोडें सविस्तर बोलण्याचें योजिलें आहे.

आपल्या महाराष्ट्रांत जुनी घरगुती मोटार म्हटली कीं बहुधा फियाट डोळ्यांसमोर येते. शेठ वालचंद हिराचंद ह्यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ बाहेर पडूं लागली, आणि १९७४ पासून तीच मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षें नंबराची वाट पाहावी लागे, एवढी एके काळीं तिला मागणी होती. विसाव्या शतकाबरोबरच तिचें उत्पादन संपलें. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरील तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीहि निवृत्त झाली. तरी वडिलांनीं हौसेनें घेतलेली फियाट आवारांत ताडपत्रीखालीं जपून ठेवणारीं कुटुंबें आजहि आहेत. अशी मोटार जे पुन्हां चालवूं पाहतात, त्यांना ह्या भाषणाचा कांहीं उपयोग व्हावा.

प्रथम मोटारींत वीज कशी खेळते तें पाहूं. घरांतील दिव्याला दोन तारा लागतात. एकीनें प्रवाह येतो आणि दुसरीनें परत जातो. जुन्या मोटारींत बहुतेक दिव्यांना एकच तार दिलेली असते. परतीचा मार्ग म्हणजे मोटारीचा लोखंडी सांगाडाच. त्यालाच मिस्त्रीलोक ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. ह्या योजनेनें तांब्याची मोठी बचत झाली, परंतु तिच्या पोटीं दोन संकटेंहि जन्मास आलीं. पहिलें असें कीं, जिवंत तारेचें वेष्टन कोठेंहि झिजून आंतील तांबें लोखंडाला टेकलें, कीं प्रवाहाला दिव्यापर्यंत जाण्याचें कारणच उरत नाहीं. तो वाटेंतूनच परत फिरतो. दुसरें असें कीं, लोखंडाला जेथें गंज चढला, तेथें परतीची वाट अडते, आणि तार धडधाकट असूनहि दिवा मिणमिणतो.

बारा व्होल्टांच्या विजेचा धक्का बसत नाहीं, म्हणून ती निरुपद्रवी, असा समज सार्वत्रिक आहे. हा समज घातक आहे. स्पर्शाला निरुपद्रवी असलेली तीच बॅटरी स्टार्टर फिरवतांना शंभराहून अधिक अँपियर प्रवाह देते. तेवढा प्रवाह एखाद्या बारीक तारेंतून वाहूं लागला, तर कांहीं क्षणांत ती तार लाल होते, तिचें वेष्टन वितळतें, आणि तिला चिकटून असलेल्या शेजारच्या तारांचेंहि वितळतें. जवळच पेट्रोलची नळी असते, हें निराळें सांगावयास नको.

आतां ह्या तारा बिघडतात कशानें? काळ हें एक कारण. जुन्या गाड्यांतील रबराचें वेष्टन वाळून त्याचा भुगा होतो. पुढील काळांतील प्लास्टिकचें वेष्टन इंजिनाच्या उष्णतेनें कडक होऊन तडकतें. उंदीर हें दुसरें कारण. त्याचे पुढचे दांत जन्मभर वाढत असतात. ते झिजविण्यासाठीं त्याला कांहीं तरी कुरतडावेंच लागतें, आणि बंद बॉनेटाखालची ऊबदार जागा त्याला बिऱ्हाडासाठीं फार मानवते. तिसरें कारण आपल्याकडील पावसाळा. दमट हवेनें तांब्यावर हिरवी-काळी पुटें चढतात, आणि ओल बारीक तारांच्या फटींतून वेष्टनाच्या आंत दूरवर शिरते.

परंतु काळ, उंदीर आणि पाऊस ह्या तिघांनीं मिळून जेवढी हानि केलेली नसते, तेवढी पुष्कळदां दुरुस्त करणाऱ्या हातांनीं केलेली आढळते. कोणी रेडिओ बसविला आणि त्यासाठीं वाटेंत दिसेल ती जिवंत तार सोलून जोड घेतला. कोणी दुहेरी हॉर्न लावला, आणि घरांतील पंख्याची उरलेली वायर त्याला वापरली. फ्यूज वारंवार जाऊं लागला, तेव्हां तो कां जातो ह्याचा शोध घेण्याऐवजीं त्याच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद गुंडाळून बसविला. फ्यूज हा गाडीचा पहारेकरी आहे. तो ओरडतो म्हणून त्याचें तोंड बांधावयाचें, आणि मग निश्चिंत झोपावयाचें, असाच हा प्रकार.

ह्यांतील एकच उदाहरण हिशेबानें पाहूं. मोटारीच्या पुढच्या दिव्यांत ४५ वॅटचा बल्ब असेल, तर तो बारा व्होल्टांवर पावणेचार अँपियर प्रवाह घेतो. अधिक उजेडाच्या हौसेनें तेथें १०० वॅटचा हॅलोजन बल्ब बसविला, तर प्रवाह आठ अँपियरांहून अधिक होतो. तार मात्र जुनीच असते. प्रवाह सव्वादोन पट झाला, एवढ्यावर हें थांबत नाहीं; तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणजे ती सुमारें पांचपट होते. पन्नास वर्षांच्या वाळलेल्या वेष्टनानें ती सोसावी तरी कशी?

म्हणून दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं पहिलें काम म्हणजे बॅटरी सोडविणें. त्यांतहि क्रम आहे. सांगाड्याला जोडलेलें अग्र आधीं सोडवावें आणि जोडतांना तें शेवटीं जोडावें. उलट केलें, तर जिवंत अग्रावरचा पान्हा चुकून लोखंडाला टेकतो आणि ठिणग्यांचा वर्षाव होतो. फियाटमध्यें सांगाड्याला ऋण अग्र जोडलेलें असतें; परंतु साठीच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ ब्रिटिश मोटारींत तें धन अग्र असे. तेव्हां जुनी मोटार कोणत्या पद्धतीची आहे हें आधीं पाहून घ्यावें.

दुसरें काम म्हणजे वाचन. पक्कड उचलण्यापूर्वीं कागद आणि पेन्सिल उचलावी. प्रत्येक तार कोठून निघते आणि कोठें पोंचते, तें टिपून तिला चिठ्ठी बांधावी. जागोजागचीं छायाचित्रें घ्यावीं. तारांचे रंग ही एक भाषाच आहे. ल्यूकस पद्धतीच्या ब्रिटिश मोटारींत तपकिरी तार बॅटरीकडून थेट येते, पांढरी इग्निशनच्या किल्लीकडून, निळी पुढच्या दिव्यांची आणि काळी सांगाड्याकडे परतणारी. इतर देशांतील कारखानदारांच्या भाषा निराळ्या, म्हणून त्या त्या गाडीचा मूळ नकाशा मिळविणें श्रेयस्कर. हिरव्या तारेला मधेंच लाल तुकडा जोडणारा मनुष्य आपलें काम उरकतो खरा. परंतु आपल्यामागून येणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला तो खोटें सांगून जातो.

मग प्रश्न येतो तो ठिगळ लावावें कीं संपूर्ण जुडगा नवा घालावा, हा. ह्याची परीक्षा सोपी आहे. तार बोटांनीं हलकेच वांकवावी. वेष्टनाला चार-पांच ठिकाणीं तडे गेले, तर ठिगळाचा मोह सोडावा. नंतर टोंकाचें इंचभर वेष्टन सोलून पाहावें. तांबें लालसर चकचकीत असेल तर ती तार अद्याप जिवंत आहे. तें काळें असेल, तर आणखी आंत सोलीत जावें. काळेपणा संपतच नसेल, तर त्या तारेला जोडलेला कोणताहि सांधा टिकणार नाहीं. बिघाड एका तुकड्यापुरताच असेल, तर मूळच्या एका सांध्यापासून दुसऱ्या सांध्यापर्यंतची सबंध तार, त्याच रंगाची आणि त्याच जाडीची, बदलावी. अधल्यामधल्या जोडांची संख्या जितकी कमी, तितकें बरें.

नव्या तारेची निवडहि विचारानें करावी. भिंतींतून जाणारी घरगुती तार थोड्या आणि जाड धाग्यांची असते. ती एका जागीं स्थिर राहण्यासाठीं घडविलेली आहे. मोटारीच्या अखंड थरथरीनें ती आंतल्या आंत तुटते. मोटारीला अनेक बारीक धाग्यांची लवचिक तारच हवी. दोन टोंकें एकमेकांना पीळ देऊन त्यांवर चिकटपट्टी गुंडाळणें ही तर सर्वांत वाईट रीत. उन्हाळ्यांत पट्टीचा चीक वितळतो, पट्टी उलगडते आणि उघडें तांबें मोकळें लोंबतें. योग्य मापाचें थिंबल घेऊन तें योग्य हत्यारानें दाबून बसवावें. कथलाचा डाखहि चालतो. मात्र डाख जेथें संपतो तेथें तार ताठर होते आणि नेमकी तेथेंच तुटते, म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंस तिला आधार द्यावा. उष्णतेनें आक्रसणारी नळी सांध्यावर चढवावी, आणि ती सांधा करण्यापूर्वींच तारेंत ओवून ठेवावी. पत्र्याच्या भोंकांतून तार जात असेल, तर त्या भोंकाला रबरी कडी असलीच पाहिजे. पत्र्याची धार सुरीसारखी असते आणि तिला घाई नसते.

परतीच्या वाटेकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावें. सांगाड्याला जेथें जेथें अर्थची तार स्क्रूनें जोडली आहे, तेथील रंग आणि गंज खरवडून चकचकीत लोखंड दिसूं द्यावें, आणि घट्ट बसवून झाल्यावर त्यावर ग्रीस लावावें. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसविलेलें असल्यामुळें त्याला सांगाड्याशीं जोडणारी एक जाड पट्टी असते. ती पट्टी तुटली वा गंजली, तर स्टार्टरचा तो प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट पुष्कळदां अॅक्सिलरेटरच्या वा चोकच्या बारीक पोलादी तारेची असते. ती तार तापून लाल झाल्याचीं उदाहरणें घडलेलीं आहेत. वळण्याचा दिवा लुकलुकतांना पेट्रोलचा कांटा हालूं लागला, तर समजावें कीं कोठें तरी अर्थचा सांधा सैल आहे.

काम झाल्यावर तपासणी. मल्टीमीटर लावला आणि कांटा बारांवर गेला, एवढ्यानें समाधान मानूं नये; तारेचा एकच धागा शिल्लक असला तरी, दिवा बंद असतांना कांटा बाराच दाखवील. दिवा लावून, प्रवाह चालू असतांना, बॅटरीपाशीं किती व्होल्ट आहेत आणि दिव्यापाशीं किती पोंचतात, तें मोजावें. बारा व्होल्टांपैकीं सव्वा व्होल्ट वाटेंत खर्ची पडला, तर दिव्याचा उजेड सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. रात्रीं घाटांत हा फरक जिवावर बेतूं शकतो. पुष्कळांना हॅलोजनची गरज वाटते ती ह्याच कारणानें. तारा आणि सांधे स्वच्छ केले, तर जुनाच दिवा पुरेसा ठरतो.

बॅटरी पुन्हां जोडतांना एक युक्ति अवश्य योजावी. बॅटरीचें अर्थकडील अग्र आणि तिची केबल ह्यांच्या मधें २१ वॅटचा साधा बल्ब जोडावा. सर्व कळा बंद असतांना तो पेटतां कामा नये. तो लख्ख पेटला तर कोठें तरी तार लोखंडाला टेकली आहे. परंतु बल्बामुळें प्रवाह पावणेदोन अँपियरांपुढें जात नाहीं, म्हणून कांहीं जळत नाहीं. मग जुडगा जागोजाग हलवून पाहावा. ज्या ठिकाणीं हलवितांच बल्ब विझला, तेथेंच दोष आहे. अशा रीतीनें चार आण्यांचा बल्ब सबंध मोटार वांचवितो.

ह्या साऱ्या कामाला पुष्कळ दिवस लागतात, आणि तें पुरें झाल्यावर दाखविण्यासारखें कांहीं उरत नाहीं. जुन्या डायनामोचा आणि त्याच्या कट-आउटचा स्वभाव ओळखणारे मिस्त्री आतां थोडे उरले आहेत. त्यांतून एखादा मिळाला आणि त्यानें दिव्यांच्या एका तारेसाठीं सबंध डॅशबोर्ड उतरविण्याची परवानगी मागितली, तर तो वेळ वाढवितो आहे असें समजूं नये. दिव्यापुरतें काम करून घ्या, बाकीचें पुढें पाहूं, असा आग्रह मालकच धरतो, आणि चंदेरी कागदाचा जन्म तेथें होतो. आपली मोटार ज्या इमारतीखालीं उभी राहते, त्या इमारतींत इतरांचीं लेंकरें झोपतात, हें मालकानें ध्यानीं ठेवावें. न दिसणाऱ्या कामाचा पूर्ण मोबदला त्यानें आनंदानें द्यावा. बॅटरीजवळ एक मुख्य कळ बसवून घ्यावी, आणि गाडी उभी केल्यावर ती न चुकतां बंद करावी.

शेवटीं, काम करतांना जो नकाशा काढला, तो स्वच्छ कागदावर उतरवून, त्यावर तारीख घालून, मोटारींतच ठेवून द्यावा. आपल्यामागून ही मोटार ज्याच्या हातीं जाईल, त्याला अंधारांत चांचपडावें लागणार नाहीं.