मामाच्या स्पेक्ट्रमला एसडी कार्ड

आज जरा जुन्या यंत्राची गोष्ट. माझ्या मामाकडे झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस आहे. ब्रिटनच्या सिंक्लेअरचा १९८४ चा होम कॉम्प्युटर. रॅम किती? ४८ केबी. व्हॉट्सॲपवर आलेला साधा फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही. आत डिस्क वगैरे काही नाही. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डर लावायचा आणि मोठा गेम असेल तर पाचेक मिनिटं ती किर्रर्र ऐकत बसायचं. शेवटी ‘आर टेप लोडिंग एरर’ आला की कॅसेट मागे फिरवून परत पहिल्यापासून.

मामा म्हणाला, "टेपरेकॉर्डर गेलाय. तू इंजिनियर ना रे? ह्याला काहीतरी नवीन बसव."

सगळ्यात स्वस्त उपाय तुमच्या खिशातच आहे. स्पेक्ट्रमला कॅसेटमधून फक्त आवाज लागतो, तो फोनने दिला तरी चालतो. टेपच्या फाइलचा आवाज करणारी ॲप्स मिळतात. फोनच्या हेडफोन जॅकमधून वायर ‘इअर’च्या भोकात घाला, व्हॉल्यूम फुल्ल करा, इक्वलायझर बंद करा. आणि एअरप्लेन मोड लावा बरं का, कारण मधेच कोणाचा ‘टिंग’ वाजला की लोडिंग गेलं! दुसरा उपाय म्हणजे आर्डुइनोवर बनवलेला छोटा टेप प्लेयर. काम तेच, फक्त ‘टिंग’ नाही. पण दोन्हीत ती पाच मिनिटं पाचच राहतात.

तिसरा उपाय डिव्हएमएमसी, आणि मी तोच घेतला. हे कार्ड कॉम्प्युटरच्या मागच्या कनेक्टरला लागतं आणि त्यात एसडी कार्ड बसतं. त्यातली ईएसएक्सडॉस ही सिस्टिम मोठी हुशार आहे. स्पेक्ट्रमने रॉममधलं टेप वाचायचं रूटीन बोलावलं की ती मधेच हात घालते आणि टेपऐवजी कार्डवरचे बाइट पुढे करते. बिचाऱ्या स्पेक्ट्रमला पत्ताही लागत नाही. बटण दाबलं की फाइलींची यादी येते, गेम निवडला की लगेच हजर. फक्त ज्या गेम्सचा लोडर स्वतःचा आहे ते रॉमच्या वाटेला जातच नाहीत, त्यामुळे तिथे ही युक्ती फसते. अशांसाठी मेमरीचा पूर्ण स्नॅपशॉट वापरायचा, ४९,१७९ बाइटची एसएनए फाइल.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेततात, यंत्राच्या. कार्ड लावताना-काढताना पॉवर बंद हवी. आणि ॲडॉप्टर ९ व्होल्टचा आहे म्हणून कुठलाही लावू नका. स्पेक्ट्रमच्या पिनेत मधला भाग निगेटिव्ह असतो, हल्लीच्या बहुतेक ॲडॉप्टरमध्ये पॉझिटिव्ह.

सगळं जोडून, गेम चालवून मी मामाकडे रुबाबात बघितलं. तो कपाटातून एक कॅसेट घेऊन आला. वर बॉलपेनने ‘दिवाळी ८८’. "ही कुठे घालायची?"

मी गप्प. नवीन स्टोरेज निवडताना मी जुन्या स्टोरेजमध्ये काय आहे ते विचारलंच नव्हतं. गेम कुठूनही मिळतील, पण ही एकच प्रत होती, तीही बुरशी धरलेली.

मग शेजारच्या काकूंचा टू-इन-वन मागून आणला. हेडजवळच्या बारीक स्क्रूने आवाज जितका टोकदार होईल तितका केला आणि लॅपटॉपवर रेकॉर्ड केलं. मोनो, वेव्ह फाइल. एमपी३ नको, कारण कानाला फरक कळत नाही म्हणून तो जे टाकून देतो, तेच आपल्याला हवं असू शकतं. टेपवर एकची लाट शून्याच्या लाटेपेक्षा दुप्पट रुंद असते, सॉफ्टवेअर तेवढ्यावरून बाइट ओळखतं. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी तपासणीचा एक बाइट असतो, एक बिट जरी चुकला तरी हिशोब लागत नाही. तीन वेळा लागला नाही. चौथ्यांदा टेप पूर्ण पुढे-मागे फिरवून घेतली, आणि लागला.

ती फाइल एसडी कार्डवर टाकली. स्क्रीनवर आजीचं नाव आलं, देवनागरीत! १९८८ मध्ये! स्पेक्ट्रममध्ये आपली २१ अक्षरचित्रं बनवता येतात, प्रत्येक आठ बाय आठ ठिपक्यांचं. मामाने ती आलेखाच्या वहीत चौकोन रंगवून काढली होती.

मी आ वासून बघत होतो. मामा चष्मा पुसत म्हणाला, "वेलांटी चुकलीय. तेव्हाही चुकलीच होती. आई हसली होती."

मग त्याने खुर्ची पुढे ओढली, ती ओळ शोधून दोन आकडे बदलले आणि सेव्ह केलं. उजवा हात मात्र सवयीने टेपरेकॉर्डरचं बटण चाचपडत होता.

कॅसेटची दुसरी बाजू अजून वाचली जात नाहीये. रविवारी परत बसणार आहोत.