एसी घ्यायचा, पण बसवायचा खर्च किती?

माळव्याच्या गार रात्रींची ख्याती जुनी, पण मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी एसीची चौकशी सुरू होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ४० हजार किंमत असलेल्या एसीवर ४ हजार रुपये वाचतात.

हिशेब चुकतो तो बसवण्याच्या खर्चात. तांब्याची नळी बहुधा ३ मीटरच सोबत मिळते; पुढच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे. बाहेरच्या युनिटचा स्टँड, स्वतंत्र वायरिंग, एमसीबी हेही वरचंच. जुन्या उज्जैनमधल्या जाड भिंतींच्या वाड्यात तर नळीसाठी भोक पाडणं हेच मोठं काम. म्हणून सगळे दर आधी लिहून घ्या.

आणखी एक, फार महत्त्वाचं. नळी जोडल्यावर व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढूनच गॅस सोडायला हवा. ओल राहिली तर कॉम्प्रेसर लवकर खराब होतो. शेजारी उभं राहून हे काम करून घ्या. आणि मीटरचा मंजूर भार पुरेल का, हे वीज कंपनीच्या कार्यालयात एसी घेण्याआधीच विचारा.