लाल वाढा, पण निळा विसरू नका



घरात ऊन येत नाही म्हणून हल्ली पुष्कळ मंडळी दिव्याखाली मेथी, पालक, कोथिंबीर लावतात. मला याचा फार आनंद आहे. आज त्यांना एकच सांगायचं आहे: दिवा निवडताना निळा प्रकाश वगळू नका.

लाल उजेडात रोप झपाट्यानं वाढतं, हे तुम्ही ऐकलेलं असेल. ते खरंच आहे, आणि म्हणूनच लोक सगळा भर लालवर देतात. पण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९०च्या सुमारास लेट्यूसची रोपं नुसत्या लाल एलईडीखाली वाढवून पाहिली, तेव्हा ती लांबट आणि किडकिडीत झाली. जोडीला थोडा निळा प्रकाश दिल्यावर देठ आखूड राहिले. वर पुरेसा उजेड आहे, उंच धावायचं कारण नाही, हे रोपाला निळ्यामुळे कळतं. मग त्याची ताकद पानात उतरते. पान जाड होतं, गर्द होतं. तांबड्या लेट्यूसचा तांबडेपणाही निळ्यानंच खुलतो.

आपलं जेवणाचं ताट डोळ्यांपुढे आणा. लाल प्रकाश म्हणजे भात. पोट त्यानंच भरतं. निळा म्हणजे डाव्या बाजूचं मीठ, लिंबू, चटणी. वाढायचं थोडंच, पण त्यावाचून घास उतरत नाही. उलट, ताटभर चटणीच वाढली तर जेवणार काय? निळा फार झाला की पानं लहान राहतात, भाजी कमी भरते. एकूण उजेडात दहा ते वीस टक्के निळा असला की पालेभाजीचं सहसा छान जमतं. आणि हिरवा प्रकाश म्हणजे वरण. पान हिरवा प्रकाश परतवतं असं आपण शाळेत शिकलो, पण पान त्यातला बराचसा शोषून घेतं. वरण भातात खालपर्यंत मुरतं, तसा तो पानाच्या आतल्या थरांपर्यंत आणि दाटीतल्या खालच्या पानांपर्यंत पोचतो. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या 'व्हेजी' या लागवडीच्या पेटीत लाल आणि निळ्याबरोबर हिरवे दिवेही आहेत. २०१५च्या ऑगस्टमध्ये अंतराळवीरांनी त्या पेटीतला तांबडा रोमेन लेट्यूस खाल्ला.

आता ताट नीट मांडलं, पण वाढलं चिमूटभर, तर उपयोग नाही. उजेड कमी पडला की पालकासारख्या भाजीत नायट्रेट साठतं. दिवा छताला टांगून खाली कुंडी ठेवू नका. तो रोपापासून वीत-दीड वीत अंतरावर आणा आणि रोज बारा-चौदा तास लावा.

     

खर्चाची काळजी करू नका. कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पांढऱ्या एलईडी नळीच्या आत मुळात निळा दिवाच असतो. त्यावरचा पिवळसर लेप बाकीचे रंग देतो. म्हणजे त्या एका नळीत निळा, हिरवा, लाल तिन्ही आले. पिवळसर झाक असलेल्या नळीत निळा कमी असतो, एवढं लक्षात ठेवा. नुसते लाल दिवे घेऊन बसला असाल, तर आजच त्यांच्या शेजारी एक पांढरी नळी लावा. पुन्हा सांगतो, निळा थोडाच द्या, पण द्या.