ब्रेकचं रबर आणि डिझेल

जुन्या जीपचं कुठलं काम घरी करावं, असं बरेच जण विचारतात. आज माझी एक चूक सांगतो.

आजोबांची १९६५ची महिंद्राची सीजे-३बी माझ्याकडे आहे. मागच्या डाव्या चाकाशी ब्रेक ऑइल गळत होतं. ड्रम काढला, व्हील सिलिंडर उघडला आणि आतले रबरी कप धुतले... डिझेलनं. हो, डिझेलनंच! लोखंडी पार्ट आपण डिझेलनं धुतो ना, तसाच हात गेला. पण ब्रेकच्या रबराला डिझेल, पेट्रोल, ग्रीस, इंजिन ऑइल यातलं काहीही लागलं की ते फुगतं आणि खराब होतं. ते धुवायचं फक्त ताज्या ब्रेक ऑइलनं.

एअर काढली, पेडल मस्त कडक लागलं. मी खूश. चार दिवसांनी सोसायटीच्या उतारावर पेडल थेट तळाला गेलं. या गाडीत चारही चाकांना मिळून एकच लाईन असते. म्हणजे एका चाकाशी ऑइल गेलं की चारही ब्रेक गेले! वाचलो ते हँडब्रेकमुळे. तो ऑइलवर चालत नाही, मागच्या शाफ्टवर वेगळा असतो. गेटच्या हातभर अलीकडे थांबलो. शेजारी मुलगी बसली होती.

मग सगळं जुनं ऑइल काढलं, कपांचं नवं किट घातलं. आता कुठलीही दुरुस्ती झाली की आधी सपाट मैदानात, एकटाच, बैलगाडीच्या वेगानं फिरवून बघतो. मुलगी मात्र अजून पुढे बसायला तयार नाही.