पेठेत घर घेताना



बुधवार पेठेच्या गर्दीत घर कशाला, असे अनेक जण विचारतात. अप्पा बळवंत चौकातील पुस्तके, पासोड्या विठोबाजवळील विजेचे सामान, मंडई, सारे पायी गाठता येते. २०२४ पासून मंडईला मेट्रोही आली आहे. गाडीवाचून संसार अडत नाही.

परंतु आम्ही बँकेत बसणारी माणसे आधी कागद पाहतो. वाड्यात राहणारा प्रत्येक जण मालक नसतो. पगडीला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याची मान्यता असली तरी तो भाडेहक्कच, मालकी नव्हे. म्हणून मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचे, वारस किती, सर्वांच्या सह्या आहेत काय, हे पाहावे. इमारत नवी असेल तर महापालिकेचे भोगवटापत्र मागावे. पेठेतले भूखंड लहान. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. तेथे वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्यावाच. शनिवारवाड्यापासून १०० मीटरच्या आत नव्या बांधकामास केंद्रीय कायद्याने मनाई आहे. तेथे 'लवकरच इमारत होईल' या शब्दावर पैसे देऊ नयेत. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून मिळते, तिचाही विचार करावा.

आपल्यापैकी कित्येकांच्या आई-वडिलांनी भाड्याच्या खोलीत जन्म काढला. निवृत्तीच्या वेळी फंडाची रक्कम हाती येते ती एकदाच. विद्यार्थी मित्रहो, घरात शिकलेले तुम्ही आहात. वडिलांनी सही करण्यापूर्वी तो दस्त ओळ न ओळ त्यांना वाचून दाखवा. शिक्षणाचा याहून रोकडा उपयोग आम्हाला तरी ठाऊक नाही.