सूर लिहून ठेवणारी माणसं

पाश्चात्त्य अभिजात संगीत म्हटलं, की आपण खान्देशी माणसं जरा दूरच सरकतो. ते मुंबईच्या सभागृहांतलं, आपला काय संबंध? मी कवितेचा माणूस. त्या संगीताचे कालखंड मी मराठी कवींच्या शेजारी ठेवून पाहतो. मग ओळख लवकर पटते.

धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी पोथ्या जपल्या आहेत. समर्थांचा जन्म १६०८चा. आदल्याच वर्षी इटलीत मॉन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ हा ऑपेरा झाला. बरोक काळाच्या आरंभीची ही मोठी कृती. त्या काळाचा कळस म्हणजे बाख (१६८५–१७५०). जात्यावर एकीची ओवी संपण्याआधी दुसरीनं तीच उचलावी आणि दोन्ही गोडीनं चालाव्यात, तशी त्याची ‘फ्यूग’.

पुढे हायडन आणि मोझार्ट आले. मूळ स्वरापासून निघायचं, दूर फिरायचं आणि गवई समेवर येतो तसं घरी परतायचं, अशी रेखीव चौकट त्यांच्या काळात पक्की झाली. हायडन आणि आपले मोरोपंत एकाच पिढीचे!

बीथोव्हननं या चौकटीत स्वतःचं मन ओतलं. १८२४मध्ये त्याची नववी सिंफनी सादर झाली, तेव्हा त्याला जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. रोमँटिक काळाचं दार त्यानं उघडलं. मराठी कवितेत असा ‘मी’ आणला केशवसुतांनी. ते काही काळ आपल्या फैजपूरला शिक्षक होते.

स्वरांच्या रंगछटांत रमणारा डेब्यूसी मार्च १९१८मध्ये गेला. त्याच वर्षी मे महिन्यात धरणगावचे बालकवी भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले. विसाव्या शतकात शोनबर्गनं मूळ स्वराचं घरच सोडलं. हंगेरीत बार्टोक खेड्यापाड्यांतली गाणी फोनोग्राफवर टिपत फिरला. त्याचा जन्म १८८१चा, आसोद्याच्या बहिणाबाईंचा १८८०चा.

आता फरक पाहा. युरोपला आपल्या सुरांचा इतिहास सांगता येतो, कारण तिथे सूर लिहिले गेले. अकराव्या शतकात ग्विदो नावाच्या इटालियन साधूनं रेघांवर सूर मांडायची रीत रुजवली. आपल्याकडे सूर गळ्यातून गळ्यात गेला. त्यामुळे तो लवचीक राहिला. पण गळा गेला की सूरही गेला. बहिणाबाईंची गाणी सोपानदेवांनी जपली, १९५२मध्ये पुस्तक झालं. त्यात शब्द आहेत, बहिणाबाईंच्या गळ्यातली चाल नाही.

कानबाईची गाणी, अहिराणी ओव्या म्हणणाऱ्या आज्या अजून आपल्या गावांत आहेत. आमच्या मोहल्ल्यात लग्नाआधी ढोलकीवर गाणाऱ्या बायकाही आहेत. बार्टोकला अवजड यंत्र वाहावं लागलं. आपल्या खिशात मोबाइल आहे. शब्द उतरवून घ्याच, पण आधी आवाज घ्या. सोबत गाव, तारीख आणि गाणारीचं नाव नोंदवा. नातवंडांना नुसते शब्द देऊन भागणार नाही.